रविवारच्या गोळीची सुट्टी

दाढ दुखायला लागली तेव्हा मी एक निरोगी माणूस होतो, असं माझं प्रामाणिक मत आहे. सोरायसिस होता, पण तो डॉक्टरांच्या फायलीत. अंगावर त्याचा मागमूस नव्हता. दर रविवारी सकाळी चहाबरोबर एक पिवळी गोळी घ्यायची, अधूनमधून रक्त तपासून घ्यायचं, आणि उरलेला आठवडा इतर माणसांसारखं जगायचं, अशी आमची म्हणजे माझी आणि माझ्या कातडीची तडजोड झाली होती. हा आजार कुणाला लागत नाही, आणि तो पूर्ण जातही नाही. गोळी चालू असेपर्यंत गप्प बसतो, एवढंच. वर्गात मागच्या बाकावर एखादं अतिहुशार पोरगं असतं, तसा. नजर आहे तोवर शहाणा.

ही उपमा सुचली याचं कारण मी शिक्षक आहे, आणि तोही पहिलीचा. पहिलीच्या शिक्षकाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचा उजवा हात. मुलाच्या मागे उभं राहायचं, त्याची पेन्सिल धरलेली मूठ आपल्या मुठीत घ्यायची आणि अक्षर गिरवून घ्यायचं. दुसरीपासून पुढच्या लोकांना हे काम किरकोळ वाटतं. वाटू दे. गोळी मिळण्यापूर्वी माझे तळहात लाल, भेगाळलेले असायचे, आणि काही पालकांनी 'आमच्या मुलाचा हात सरांनी धरू नये' असं कळवलं होतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला भांडाराची जबाबदारी दिली. भांडार म्हणजे खडू, नकाशे आणि मोडक्या खुर्च्यांची खोली. नकाशांनी माझ्याविरुद्ध कधी तक्रार केली नाही, पण मी तिथे फार दुःखी होतो. मग ही गोळी आली, हात साफ झाले आणि पहिलीचा वर्ग मला परत मिळाला. तो पुन्हा जाऊ नये, एवढी एकच इच्छा मी बाळगून होतो. आता ती बाळगून मी जे काही केलं, ते ऐका.

दाढेत पू झाला. दातांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं आणि दुसरं काही औषध चालू आहे का म्हणून विचारलं. मी गोळीचं नाव सांगितल्यावर ते जरा सरसावून बसले आणि त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, "दाढेचं निस्तरेपर्यंत गोळी बंद ठेवा. दाढ बरी झाली की मला विचारा, मग पुन्हा सुरू करू."

यात तीन सूचना आहेत. बंद ठेवा, विचारा, सुरू करा. पहिली मी इतकी काटेकोरपणे पाळली की पुढच्या दोन्हींना जागाच उरली नाही.

माझी चूक नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपला, ठणका थांबला, आणि मी दातांच्या डॉक्टरांना विचारलं की दाढ बरी झाली असं समजायचं का. ते म्हणाले की बरी कुठल्या अर्थाने यावर अवलंबून आहे, कारण रूट कॅनाल बाकी आहे. रूट कॅनाल झाल्यावर विचारलं, तर आता कॅप बसली की झालं म्हणाले. कॅप आली ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मापाची. ती तोंडात घेऊन मी आरशात पाहिलं, तर एखाद्या मोठ्या जनावराने आपली दाढ मला उसनी दिल्यासारखं दिसत होतं. ती परत गेली. दरम्यान मी त्वचेच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या स्वागतकक्षातल्या बाई फार शिस्तीच्या. त्या म्हणाल्या, दाढ बरी झाल्याची दातवाल्यांची चिठ्ठी आणा, म्हणजे डॉक्टरांची वेळ देते. दातवाले म्हणाले, काम अर्धवट असताना चिठ्ठी देता येत नाही. अशा रीतीने माझी कातडी दोन दवाखान्यांच्या मध्ये, एका चुकीच्या कॅपखाली अडकली.

आणि गंमत म्हणजे कातडीला काही होतच नव्हतं. रविवार येत होते, गोळीविना जात होते. हात गुळगुळीत, कोपर गुळगुळीत. मी अंघोळ झाल्यावर स्वतःला निरखून बघायचो आणि मनात एक चोरटा विचार यायचा, की बरे झालो की काय आपण.

हा विचार मनात ठेवला असता तर निभावलं असतं. पण मी तो वरच्या मजल्यावरच्या निवृत्त काकांपुढे बोलून दाखवला. आम्ही त्यांना निष्कर्षकाका म्हणतो. कुठल्याही विषयात माहिती नंतर घ्यायची आणि निष्कर्ष आधी काढायचा, ही त्यांची पद्धत. त्यांनी माझा हात उजेडात धरला, उलटासुलटा केला आणि जाहीर केलं की रोग मुळापासून गेला असून गोळी ही निव्वळ सवय होती. शिवाय शरीरालाही सुट्टी लागते, असं ते म्हणाले. शेजारच्या वहिनींनी जिन्यातच दुजोरा दिला, कारण त्यांच्या मावससासऱ्यांनीही असंच एक औषध सोडलं होतं. मावससासरे पुढे कसे आहेत, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही आणि सांगायचं त्यांच्या.

घरात मात्र या निष्कर्षाला कुणी किंमत देईना. कुणी म्हणजे बायको. घरात आम्ही दोघंच. गोळीचा डबा पूर्वीपासून तिच्या ताब्यात होता. रविवारी कपबशीशेजारी गोळी ठेवलेली असायची. आता गोळीऐवजी प्रश्न ठेवलेला असे. विचारलंत का डॉक्टरांना. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग मधल्या वारीही. एकदा मी दाढी करत असताना तिने आरशात माझ्याकडे बघून तोच प्रश्न विचारला आणि मला लागलं. म्हणजे वस्तराही लागला आणि मनालाही. मी मुलांना वाचायला शिकवतो, शहाणा माणूस आहे, मला माझ्या अंगाचं कळतं, अशा अर्थाचं एक छोटं भाषण मी फेसाळलेल्या तोंडाने केलं. शेवटी म्हणालो, "यापुढे माझ्या गोळीबद्दल या घरात एक शब्दही नको आहे मला."

ती "बरं" म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर 'बरं' या शब्दाचे निदान पाच-सहा प्रकार नवऱ्याला ओळखता यायला हवेत. मी त्या दिवशी तो सगळ्यात स्वस्त प्रकार समजलो. तिने मात्र शब्द पाळला. गोळीचा विषय त्या घरातून असा गेला, की जणू जगात गोळ्याच नाहीत. मी खूश झालो. निदान दोन-तीन दिवस.

मग उजव्या कोपरावर एक नाण्याएवढा लाल ठिपका आला. मी त्याला डास समजलो. डास दुसऱ्या कोपरावरही चावला, मग गुडघ्यांवर, मग डोक्यात केसांच्या कडेने. शेवटी तळहाताला खाज सुटली, तेव्हा डासांवर ढकलण्यासारखं काही राहिलं नाही. चट्टे परत आले होते, आणि बरोबर पोपडेही.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? बायकोला सांगितलं असतं. पण बोलायची बंदी मीच घातलेली, आणि ती मीच मोडायची म्हणजे आरशापुढचं सगळं भाषण गिळायचं. मी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलो. जेवताना हात टेबलाखाली. ती काही बोलत नव्हती. फक्त एके दिवशी कपाट उघडलं तर माझे गडद रंगाचे सगळे शर्ट वरच्या फळीवर गेले होते आणि पांढरे हाताशी आले होते. पांढऱ्यावर पोपडे दिसत नाहीत. चादरीही फिक्या रंगाच्या आल्या. ती सकाळी माझ्या बाजूची गादी झटकायची, आणि मी खिडकीतून बाहेर रस्त्याची पाहणी करायचो. इतका मूक संसार कुणी केला नसेल.

उपाय मी गुपचूप सुरू केले. औषधाच्या दुकानातून डांबराचं मलम आणलं. डांबर म्हणजे शब्दशः डांबरासारखा वास. पहिल्याच दिवशी वर्गात एका मुलीने 'सर, बाहेर रस्ता करतायत का' म्हणून विचारलं, आणि मी हो म्हणालो. मग सगळा वर्ग रस्ता बघायला खिडकीशी धावला. निष्कर्षकाकांना माझी अवस्था कळली तेव्हा त्यांनी जुना निष्कर्ष परत न घेता त्याच्यावरच नवा बसवला. रोग मुळापासून गेला होता, आता हा वेगळा रोग आहे, आणि त्याला ऊन हवं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी मलम चोपडून गच्चीवर उघड्या पाठीने उभा राहिलो. काका म्हणाले होते, पाठ सूर्याकडे आणि श्वास खोल. मी खोल श्वास घेत असताना गच्चीचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं. मी हाका मारल्या. पण उघड्या अंगाने कठड्यावरून ओरडायचं तर सगळ्या गल्लीला दिसणार, आणि माझ्या वर्गातले निम्मे पालक त्याच गल्लीत. म्हणून मी हळू आवाजात हाका मारत राहिलो. उन्हाने डोकं गरगरायला लागलं तेव्हा मी दोरीवरच्या चादरींच्या सावलीत सरकलो आणि जरा टेकलो. चादर शेजारच्या वहिनींची होती, नवी, पांढरी. मी उठलो तेव्हा तिच्यावर माझी पाठ उमटलेली होती. खांदे, मणका, सगळं स्पष्ट. चित्रकलेच्या शिक्षकांनी फळ्यावर इतकं चांगलं काढलं नसतं.

दार शेवटी वहिनींनीच उघडलं, कपडे काढायला आल्या म्हणून. त्यांनी आधी मला पाहिलं, मग चादर पाहिली, मग पुन्हा मला, आणि खाली जाऊन माझ्या बायकोला घेऊन आल्या. बायकोने माझ्या अंगावर टॉवेल टाकला आणि चादर काढून घेतली. संध्याकाळभर ती मोरीत ती चादर घासत होती. मी दोनदा मोरीच्या दारापर्यंत गेलो. काहीतरी बोल म्हणणार होतो, पण तोंडच उघडेना. फार वाईट वाटत होतं मला, आणि तरीही मी शहाणाच होतो.

शेवटी मला उघडं पाडलं ते अंगठ्याच्या मशीनने. शाळेत आल्यावर हजेरीसाठी अंगठा द्यायची पद्धत आहे. त्या सोमवारी मी अंगठा दिला आणि आतून एक गोड बायकी आवाज म्हणाला, कृपया पुन्हा प्रयत्न करा. मी केला. ती पुन्हा म्हणाली. इतक्या शांतपणे माझ्याशी कुणी बाई बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती, म्हणून मी बराच वेळ प्रयत्न करत राहिलो. अंगठ्यावरच्या रेघाच पोपड्यांबरोबर निघून गेल्या होत्या. मी दिवसभर वर्गात शिकवत होतो आणि दप्तरी गैरहजर होतो. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कारकुनाने मला रजेचा अर्ज भरायला सांगितलं. मी इथे तुमच्यासमोर उभा आहे, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, ते मला दिसतंय सर, पण मशीनला दिसायला पाहिजे.

मोठ्या बाईंनी बोलावलं. माझा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि चष्मा सारखा करून पाहिला. त्या कमी बोलतात. म्हणाल्या, "सर, फाटकाशी एक आई विचारत होत्या तुमच्या हाताचं. डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. हा आजार लागत नाही, असं. आणि हा अंगठा तुमचाच आहे, असंही." मग त्यांनी भांडाराची किल्ली ड्रॉवरमधून काढून टेबलावर ठेवली. नुसती ठेवली. मी ती किल्ली न उचलता तिथून निघालो.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, मी जरा बाहेर जाऊन येतो. ती आधीच चपला घालून दारात उभी होती. कुठे जायचंय हे तिला कसं कळलं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. दवाखान्यातल्या शिस्तीच्या बाईंनी दाढेची चिठ्ठी मागितली. मी काही सांगणार, इतक्यात बायकोने माझा हात धरून काउंटरवर ठेवला. बाईंनी तो पाहिला आणि आत सोडलं.

डॉक्टरांनी शर्ट काढायला सांगितला, पाठ आणि कोपरं नीट पाहिली. मग विचारलं, "गोळी पुन्हा कधी सुरू केलीत?"

मी कॅपचा इतिहास सांगायला सुरुवात केली. ती पहिली कॅप कशी मोठी होती, इथवर आलो तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं आणि बायकोकडे वळले. "तुम्ही घरात असता ना? तुम्हीही आठवण नाही करून दिलीत?"

"मला बोलायची मनाई आहे," ती म्हणाली.

डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. भिंतीवरचा कातडीच्या थरांचा तक्तासुद्धा माझ्याकडे बघतोय असं मला वाटलं. आणि मग कॅप, चिठ्ठी, काका, मावससासरे हे सगळं बाजूला राहून माझ्या तोंडून खरं निघालं. मी म्हणालो, "मला एकदा बघायचं होतं हो. गोळीशिवाय मी कसा असतो ते."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, बऱ्याच जणांना बघायचं असतं. त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या आणि सांगितलं की रिपोर्ट नीट आले तर रविवारी गोळी सुरू करा, आठवड्यातून एकदाच, आणि आता स्वतःच्या मनाने चालू नाही आणि बंदही नाही. पुन्हा लागू पडेल ना, असं मी विचारलं. बहुतेक पडेल, ते म्हणाले. वेळ लागेल, आणि छापील हमी मला देता येणार नाही. आजार लागत नाही, असं सर्टिफिकेट दिलं. अंगठा माझाच असल्याचं मात्र लिहून द्यायला ते तयार होईनात. त्याला ते लहानपणापासून ओळखत नाहीत, असं त्यांचं म्हणणं पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या वेळी फाटकातून आत येणाऱ्या पालकांच्या गर्दीत मी मशीनपुढे उभा होतो. मोठ्या बाईंनी सर्टिफिकेट वाचलं, घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाल्या की ते ठीक, पण हजेरीचं काय. त्यांनी स्वतः माझा अंगठा काचेवर धरला, तर मशीनने त्यांनाही पुन्हा प्रयत्न करायला सांगितलं, आणि तसं मोठ्या बाईंना आजवर कुणी सांगितलेलं नसावं. त्या चिडल्या. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक बोट सरळ करून काचेवर दाबायला सुरुवात केली. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. मशीन नाही म्हणताच माझा तळवा पुसायच्या आपल्या पदराने आणि पुन्हा दाबायच्या. पोपडे त्यांच्या बोटांना लागत होते, मनगटावरच्या घड्याळावर पडत होते, आणि त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांचं भांडण मशीनशी होतं. उजवा हात संपला, त्यांनी डावा ओढून घेतला. मी पहिलीतल्या पोरासारखा उभा होतो. भोवती पालक थांबले होते. फाटकाशी चौकशी करणारी ती आईसुद्धा मुलाचा हात धरून बघत होती.

डाव्या करंगळीला मशीन धन्यवाद म्हणालं.

मोठ्या बाईंनी कारकुनाला सांगितलं की यापुढे सरांची हजेरी डाव्या करंगळीवर. मग पदराला हात पुसून पालकांकडे वळल्या आणि घंटा झाली, मुलांना आत सोडा, एवढंच म्हणाल्या. त्या आईने आपल्या मुलाचा हात सोडला. तो माझ्या मागून वर्गात आला. सर्टिफिकेट तिने मागितलंच नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी सगळ्या शाळेदेखत करंगळी वर करतो, आणि पहिलीची मुलं मला न चुकता सांगतात, की सर, लवकर जाऊन या.

रिपोर्ट नीट आले. रविवारी सकाळी टेबलावर चहा होता, पण कपबशीशेजारी गोळी नव्हती. मी थोडा वेळ कपाकडे बघत बसलो. बायको भाजी निवडत होती. शब्दाला किती पक्की आहे, ते तेव्हा पुरतं कळलं.

"माझी गोळी दे ना," मी म्हणालो.

तिने हात पुसले, डबा आणला, गोळी माझ्या तळहातावर ठेवली. त्या तळहाताकडे बघून मला एकदम भीती वाटली. गच्चीवर नव्हती वाटली, मोठ्या बाईंपुढे वाटली होती पण ती वेगळी. आता मला वर्गातली पोरं दिसत होती, आणि पुढची सगळी वर्षं.

"अगं, समजा नाहीच लागू पडली आता," मी म्हणालो. "समजा मी असाच राहिलो, गोळीशिवायचा."

"गोळी आत्ता-आत्ता आली," ती भाजीकडे परत जात म्हणाली. "मी लग्न गोळीशिवायच्या माणसाशीच केलंय."

मी गोळी घेतली. गरज होती त्यापेक्षा बरंच जास्त पाणी प्यायलो. ग्लास खाली ठेवून मी म्हणालो, की बोलायची बंदी आता उठली आहे असं समजायला हरकत नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि जी बोलायला लागली ती दुपारच्या जेवणापर्यंत थांबली नाही.